डोळा आणि कागद

डिटेक्टिव्ह कथांच्या वाचनाची चटक आम्हांस फार जुनी आहे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि धनंजय ज्या पिढीनें उशाशीं ठेवून वाचले, तिच्या सहवासांत आम्ही वाढलों; आणि त्या वाचनानें एक अपेक्षा मनांत इतकी खोल मुरली कीं, ती अपेक्षा आहे हेंहि एरवीं ध्यानांत येत नाहीं. खून झाला म्हणजे खुनी सांपडणारच. उशीर व्हावयाचा तो केवळ पृष्ठसंख्येच्या सोयीसाठीं. या अपेक्षेला अत्यंत सावकाश, आणि म्हणूनच अत्यंत निर्दयपणें, धक्का देणारी कृति आमच्या पाहण्यांत एकच आली. ती पुस्तक नसून चित्रपट आहे, आणि तोहि दक्षिण कोरियाचा. बाँग जून-हो यांचा २००३ सालचा 'मेमरीज ऑफ मर्डर' हा तो चित्रपट. २०२० सालीं 'पॅरासाइट'ला ऑस्करचें सर्वोच्च पारितोषिक मिळालें व बाँग यांचें नांव आपल्याकडेहि सर्वतोमुखी झालें. पण त्यांचें श्रेष्ठ काम कोणतें असें कोणी विचारलें, तर आम्ही या जुन्या चित्रपटाकडेच बोट दाखवूं.

कथानकास आधार खऱ्या घटनांचा आहे. सोल राजधानीच्या दक्षिणेस ह्वासाँग नांवाच्या शेतकरी मुलुखांत १९८६ ते १९९१ या अवधींत दहा स्त्रियांचे खून झाले. त्यांत शाळकरी मुलगी होती, तशी सत्तरीच्या घरांतली वृद्धाहि होती. २१,००० हून अधिक इसमांची चौकशी झाली आणि निष्पन्न कांहीं झालें नाहीं. देशावर त्या वेळीं लष्करी वळणाची हुकमत होती. चित्रपटांत एका पावसाळी रात्रीं अधिकारी शिपायांची कुमक मागतात, तों उत्तर येतें कीं, सारे शिपाई निदर्शनें मोडावयास गेले आहेत. आणि त्याच रात्रीं आणखी एक स्त्री बळी पडते. यावर चित्रपटांत कोणी भाष्य करीत नाहीं. फोन खालीं ठेवला जातो, इतकेंच.

आरंभीं पिकलेल्या भाताचीं सोनेरी शेतें आहेत, ऊन आहे, पोरें हुंदडत आहेत. बांधाच्या कडेला फरशीनें झांकलेली एक मोरी आहे, आणि पार्क दू-मान नांवाचा गांवठी पोलीस तिच्यांत वांकून पाहतो. आंत स्त्रीचें प्रेत आहे. वर बसलेला एक पोरगा त्या पोलिसाचा शब्द न् शब्द वेडावून दाखवीत आहे. या पार्कचा विश्वास एकाच गोष्टीवर, ती म्हणजे स्वतःचे डोळे! माणसाच्या नजरेंत पाहिलें कीं गुन्हेगार आपल्यास कळतो, अशी त्याची प्रौढी असते. त्याचा वरिष्ठ त्यास ठाण्यांत बसलेले दोन तरुण दाखवितो. एक बलात्काराचा आरोपी आहे, दुसरा त्या मुलीचा भाऊ. ओळख पाहूं कोण कोणता. पार्क टक लावून पाहतो आणि प्रसंग तेथेंच तुटतो. उत्तर नाहीं. आमच्या घरीं हा चित्रपट पाहतांना पुढें अर्धा तास लोटल्यावर वहिनींनीं विचारलें, "पण भावजी, त्या दोघांतला आरोपी कोणता होता?" आम्ही म्हणालों, तें आम्हांसहि सांगितलेलें नाहीं. त्या बराच वेळ अस्वस्थ होत्या. या चित्रपटाची तऱ्हा येथेंच कळते.

पार्कच्या उलट प्रकृतीचा सो ते-युन हा दुसरा पोलीस सोलहून येतो. त्याची श्रद्धा कागदावर. मनुष्य खोटें बोलेल, कागद बोलणार नाहीं, असें तो मानतो. आणि दप्तरें चाळूनच एक बेपत्ता स्त्री जिवंत नसावी, असें अनुमान बांधून तिचें प्रेत शोधून काढतो. हत्या पावसाच्या रात्रीं होतात हेंहि त्यासच उमगतें. त्या रात्रीं आकाशवाणीवर एका उदास गीताची फर्माईश झालेली असते, हा धागा मात्र ठाण्यांतील एका स्त्री-पोलिसाच्या लक्षांत येतो. तिच्याकडे एरवीं किरकोळ कामेंच सोंपविलेलीं असतात!

प्रेक्षक अर्थातच सोच्या बाजूस झुकतो, आम्हीहि झुकलों. एकीकडे मंदबुद्धीच्या एका गरीब पोराला डांबून, धमकावून, त्याच्याकडून कबुलीजबाबाची अक्षरशः तालीम करून घेणारा पार्क; दुसरीकडे निर्व्यसनी विचाराचा सो. जिल्हा न्यायालयांत हयात घालविलेले आमचे एक स्नेही हा तालमीचा प्रसंग पाहून एकदम उठून बसले. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमानें पोलीस अंमलदारापुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नसे, आणि २०२४ च्या जुलैपासून अंमलांत आलेल्या साक्ष्य अधिनियमांतहि तें तत्त्व कायम आहे. "लोक म्हणतात, हें कलम चोराच्या सोयीचें," स्नेही म्हणाले, "हा पोरगा पाहा, आणि मग सांगा तें कोणाच्या सोयीचें!"

परंतु चित्रपटाचें खरें बळ पुढें आहे. पोलिसांचें वेड वाढत जातें तसतसे हे दोघे एकमेकांच्या जागीं सरकूं लागतात. हा बदल इतका हळू होतो कीं, कोणत्या प्रसंगीं झाला हें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. मारकुट्या पार्क दमत जातो. शहरी सोचे डोळे तांबारतात, त्याची झोंप उडते. तपासाच्या ओघांत ज्या शाळकरी मुलीच्या जखमेवर त्यानें स्वतः पट्टी लावून दिलेली असते, तिचेंच प्रेत एके दिवशीं त्याच्यापुढें येतें. मऊ हातांचा एक कारकून तरुण हाच खुनी, याविषयीं त्याच्या मनांत आतां शंका उरत नाहीं. वीर्याचा नमुना अमेरिकेस पाठविलेला आहे. पण अहवालाची वाट पाहण्याइतका धीर त्याच्यापाशीं कोठला? आगगाडीच्या बोगद्यापाशीं, भर पावसांत, तो त्या तरुणास तुडवितो आणि पिस्तूल रोखतो. इतक्यांत पार्क पाकीट घेऊन धांवत येतो. नमुना जुळत नाहीं, असें कागद सांगतो. आणि कागदाचा हा भक्त ओरडतो कीं कागद खोटा आहे! मग पार्क त्या तरुणाची हनुवटी धरून त्याच्या डोळ्यांत पाहतो, आणि आपल्यास कळत नाहीं असें कबूल करतो. त्या क्षणीं आमच्या खोलींतील एकहि मनुष्य तो तरुण निर्दोष निघावा अशा इच्छेंत नव्हता. खुनी कोणीतरी हवा होता, आणि हा समोर होता.

चित्रपट तयार झाला तेव्हां खुनी अज्ञातच होता. २००६ सालीं खटल्याची कायदेशीर मुदतहि संपली. २०१९ सालीं जुन्या वस्तूंवरील अंश आधुनिक तपासणींत एका कैद्याशीं जुळले. मेहुणीच्या खुनाबद्दल १९९४ पासून तो तुरुंगांत होता. त्यानें हे दहा व आणखी चार खून कबूल केले. त्याचें नांव येथें लिहिण्याची आम्हांस इच्छा नाहीं. आम्हांस अधिक खिळवून ठेवतो तो दुसराच मनुष्य. दहांपैकीं आठव्या खुनाबद्दल १९८९ सालीं एका तरुणास पकडलें होतें. त्याची कबुली मारहाण व जागरण यांतून निघालेली होती, आणि तिच्या जोडीला केसाच्या शास्त्रीय तपासणीचा अहवालहि होता. म्हणजे डोळा आणि कागद या दोघांनींहि एकमतानें त्याच्याकडे बोट दाखविलें! सुमारें वीस वर्षें तो कोठडींत राहिला, २००९ मध्यें सुटला, आणि डिसेंबर २०२० मध्यें न्यायालयानें तो अहवाल सदोष व ती कबुली असत्य ठरवून त्यास निर्दोष म्हटलें. खरा खुनी मधल्या काळांत पोलिसांच्या हातीं लागला नव्हता असें नव्हे. पण अपराध्याचा रक्तगट 'बी' असावा अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि याचा 'ओ' होता.

चित्रपटाच्या शेवटीं २००३ साल आलें आहे. पार्क पोलिसांतून बाहेर पडून रस काढण्याचीं यंत्रें विकतो आहे. वाटेंत तीच शेतें लागतात. तो गाडी थांबवून त्याच मोरींत पुन्हा वांकून पाहतो. एक लहान मुलगी त्यास सांगते कीं, थोड्या दिवसांपूर्वीं आणखी एक माणूस असाच पाहात होता. आपण फार पूर्वीं येथें कांहीं केलें होतें, तें आठवलें म्हणून आलों, असें म्हणत होता. दिसावयास कसा होता? साधा, चारचौघांसारखा, असें ती म्हणते. पार्क वळतो आणि सरळ पडद्यांतून प्रेक्षकांकडे पाहतो. खुनी केव्हांतरी चित्रपटगृहांत येऊन बसेल व त्याची नजर या नजरेशीं भिडेल, म्हणून दिग्दर्शकानें ती तशी ठेवली होती. नोव्हेंबर २०२० मध्यें त्या आठव्या खटल्याच्या फेरसुनावणींत कैद्यास साक्षीस आणलें, तेव्हां त्यानें सांगितलें कीं, हा चित्रपट आपण तुरुंगांत पाहिला आहे. एक चित्रपट म्हणून पाहिला, विशेष कांहीं वाटलें नाहीं.