राजुलच्या वाट्याची ओळ

आमच्या पाठशाळेच्या पुस्तकात नेमिनाथांचा पाठ जेमतेम दीड पानाचा आहे. बेळगावच्या पोरांना तो लवकर जवळचा वाटतो, कारण किल्ल्यातल्या कमल बस्तीत नेमिनाथच आहेत. कथा सगळ्यांना ठाऊक. वरात निघते, वाटेत कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश कानी येतो, ती मेजवानीसाठी आहेत हे कळताच नेमिकुमार मागे फिरतात आणि गिरनारची वाट धरतात. खाली प्रश्न : यातून कोणता गुण शिकायला मिळतो? उत्तर, करुणा. झालं, पान उलटा.

यंदा मी मुलींना वेगळंच विचारलं. हे आपल्याला पटतं ते कशामुळे? त्यांनी बरोबर हेरलं. आक्रोश आधी ऐकू येतो, कारण मागून कळतं. विचार करायच्या आत आपलं काळीज रथासोबत वळलेलं असतं. गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणात तर ती जनावरं कृष्णानेच मुद्दाम तिथे कोंडवलेली आहेत, नेमींना वैराग्य यावं म्हणून! म्हणजे न बोलताही माणसाचं मन वळवता येतं.

मग नववीतली एक मुलगी म्हणाली, "काकू, जनावरांच्या रडण्याला पाच ओळी आणि राजुलला एकच? तिनेही दीक्षा घेतली, एवढंच?" तिच्या ताईचं ठरलेलं लग्न दिवाळीनंतर मोडलं होतं. साड्यासुद्धा घेऊन झाल्या होत्या. 'मुलीचं नशीब' म्हणून घरचे मोकळे झाले. ताईला काय वाटलं, ते कुणी विचारलं नाही.

तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि उत्तराध्ययन सूत्रातली राजुल सांगितली. ते सूत्र आपण दिगंबर आगम म्हणून मानत नाही, पण वाचायला कुणी अडवलंय? साध्वी झालेली राजुल पावसात भिजते, एका गुहेत कपडे वाळवत असते. तिथे नेमिनाथांचा भाऊ रथनेमी, तोही साधूच, तिच्या मोहात पडतो. ती आधी घाबरते, अंग झाकून घेते. आणि मग बोलायला लागते. तू कुबेराइतका देखणा असलास तरी मला नकोस. ओकलेलं परत प्यायला निघालास, त्यापेक्षा मरण बरं. मी कुणाची, तू कुणाचा, कुळाची तरी आठवण ठेव. दिसेल त्या बाईवर मन गेलं, तर वाऱ्याने हलणाऱ्या रोपासारखी गत होईल तुझी.

मुलींनी एकेक युक्ती वहीत टिपली : किळस, लाज, कुळाचा अभिमान, पुढची भीती. विनवणी मात्र एकही नाही, हे त्याच मुलीने दाखवून दिलं. अंकुशाने हत्ती वळावा तसा तो वळला, असं सूत्रात म्हटलंय.

पुढच्या रविवारसाठी मी 'राजुलचा पाठ दहा ओळींत लिहा' असं दिलंय. संध्याकाळी एका आईचा फोन आला, "काकू, हे परीक्षेला आहे का हो?"

"नाही," म्हटलं, "पण तुम्हीही लिहून द्या की."