चित्राखालचे नाव

चित्रकथा वाचणे हा पोरवयाचा छंद, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्ही मात्र तो केस पिकल्यावरही सोडलेला नाही. इंद्रजाल कॉमिक्समधील मराठी बोलणाऱ्या वेताळापासून सुरू झालेली ही आवड पुढे अमेरिकन अंकांपर्यंत पोहोचली आणि तेथे आम्हांला मानवंदनेच्या चित्रांचा एक निराळाच प्रांत सापडला.

पूर्वसुरींचे गाजलेले चित्र नव्या चित्रकाराने आदरपूर्वक आपल्या हाताने पुन्हा रेखाटावे, ही ती मानवंदना. तिचे परिचित उदाहरण म्हणजे 'ॲक्शन कॉमिक्स'च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ. हिरवी मोटार उचलून खडकावर आदळणारा सुपरमॅन आणि भयाने पळत सुटलेली माणसे! जो शुस्टर यांची ही रचना पुढे अनेकांनी गिरवली. कुणी नायक बदलला, कुणी मोटारीच्या जागी दुसरीच वस्तू घातली. तरी मूळ चित्र तत्काळ ओळखू येते. अशा चित्रावर सही करताना पुष्कळ चित्रकार आपल्या नावाशेजारी मूळ चित्रकाराचेही नाव लिहितात : 'शुस्टर यांच्यावरून'. या कलाप्रकाराचे सारे मर्म आम्हांला त्या दोन शब्दांत दिसते.

कारण नावावाचून काय घडते, हेही आम्ही पाहिले आहे. रॉय लिक्टनस्टाइन यांचे १९६३ मधील 'व्हाम!' हे भव्य चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. ते मुख्यतः अर्व्ह नोविक यांनी १९६२ च्या एका युद्धकथेत काढलेल्या चौकटीवर आधारलेले. लिक्टनस्टाइन यांनी तिच्यात बदल केले, हे खरे; पण चित्र जगभर गाजले आणि नोविक मात्र चित्रकथांच्या वाचकांपुरतेच राहिले.

खुद्द शुस्टर यांचे प्राक्तन याहून कठोर होते. त्यांनी व लेखक जेरी सीगल यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क अवघ्या १३० डॉलरांना विकले. पुढे न्यायालयीन वाद झाला आणि दोघांची नावेही अंकांवरून गेली. १९७५ मध्ये शुस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. तेव्हा नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे दोन चित्रकार त्यांच्या बाजूने उभे राहिले. दोघा निर्मात्यांना वार्षिक २०,००० डॉलरांचे निवृत्तिवेतन मंजूर झाले. पण तेवढ्यावर समाधान न मानता, नावे परत मिळालीच पाहिजेत, हा आग्रह रॉबिन्सन यांनी अखेरपर्यंत धरला. त्याच वर्षी तेही मान्य झाले. शुस्टर यांना वाहिलेल्या साऱ्या मानवंदनांत आम्ही हिला अग्रस्थान देतो, जरी तिच्यासाठी कुणी एक रेघही ओढली नव्हती.

वाचकहो, आपल्या घरातील मूल एखादे आवडते चित्र पाहून कागदावर उतरवीत असेल, तर 'स्वतःचे काहीतरी काढ' म्हणून त्याला अडवू नये. गिरवूनच हात बसतो. थोरामोठ्यांचाही तसाच बसला. मात्र चित्र पुरे झाले, की ते मूळ कुणाचे हे त्याच्यासह शोधावे, आणि त्याच्या सहीशेजारी तेही नाव त्याच्याच हाताने लिहवून घ्यावे.