उभी गाडी

वेगवान गाडी जपायची म्हणजे ती कमी चालवायची, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. मी चिखलोलीत राहतो आणि कामाला लोकलने जातो. सेकंडहँड घेतलेली माझी २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस, दोन लिटरचं टर्बो इंजिन, २३० अश्वशक्ती, बिल्डिंगखाली कापडाआड उभी असते. रविवारी बदलापूरपर्यंत एखादी चक्कर, बस्स. मीटरच सरकत नाही, तर सर्व्हिसिंगला पैसे कशाला?

याच्या बुडाशी दुसरा समज होता, तो जास्त लाजिरवाणा. न बिघडलेली वस्तू बदला म्हणणारा मेकॅनिक लबाडच, आणि उल्हासनगरचा असला तर विचारायलाच नको. ‘मेड इन यूएसए’चा, म्हणजे उल्हासनगरच्या नकली मालाचा, विनोद आमच्याकडे पिढीजात. घरातलं फर्निचर आणि जीन्स मात्र तिथलीच!

एकदा एसीचा गॅस भरायला उल्हासनगरच्याच कॅम्प पाचमधल्या एका गॅरेजात गेलो. बॉनेट उघडताच तिथला मिस्त्री म्हणाला, ‘‘साहेब, ब्रेक ऑइल बदलायला झालंय. टायरही जुने आहेत.’’ मी मनात म्हटलं, झालं सुरू. टायरची नक्षी तर जवळजवळ कोरी होती. त्याने वाद घातला नाही. पेनासारखा टेस्टर आधी ब्रेक ऑइलच्या नव्या डब्यात बुडवला, हिरवा दिवा लागला. मग माझ्या गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीत बुडवला, तर लाल. टायरच्या कडेवर बोट ठेवून त्याने आकडे वाचून दाखवले : ३११७. म्हणजे टायर २०१७ च्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला.

तरीही मी म्हणालो, ‘‘पुढच्या महिन्यात बघू. रविवारी माळशेजला जायचंय.’’

‘‘माझ्याकडे नका करू,’’ तो म्हणाला, ‘‘पण हे केल्याशिवाय घाटात जाऊ नका.’’

त्या वाक्यापाशी मी अडकलो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, असं म्हणणाऱ्याला लबाड कसं म्हणायचं? मी हिशेब करत होतो, तो काळजी.

मग वाचलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, गाडी चालो वा न चालो. आणि आपल्याकडे चार महिने भिंतीही ओल्या असतात. कोरं ‘डॉट ४’ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासच उकळू शकतं. घाट उतरताना ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पेडल खाली जातं. माझ्या रविवारच्या छोट्या चकराही कामाच्या नव्हत्या : इंजिन नीट तापत नाही, ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल इंजिन ऑइलमध्येच राहतं. ज्याला मी जपणं म्हणत होतो, तो निव्वळ कंजूषपणा होता.

ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल आणि नक्षी कोरी असूनही वयाने जुने झालेले चारही टायर त्याच्याकडेच बदलले. बिल पाहून पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. माळशेज त्यानंतर.

तुमचीही गाडी बहुतेक उभीच असेल, तर खाली जाऊन टायरवरचे ते चार आकडे वाचून या. बाहेरच्या बाजूला नसतील तर आतल्या बाजूला असतात.