कशावरून?

वाईला आमच्या घरात एक शब्द दिवसातून दहा वेळा कानावर यायचा. "उद्या सुटी आहे," म्हटलं की बाबा विचारणार, "कशावरून?" मैत्रिणीने सांगितलं, हे उत्तर चालत नसे. नोटीस तू स्वतः वाचलीस का, इथपर्यंत चौकशी जायची. त्यात गावाचाही वाटा असावा. मराठी विश्वकोश वाईतच घडत होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ साली निघाला. त्याच्या कितीतरी आधी केतकरांनी २३ खंडांचा ज्ञानकोश तडीस नेला होता. ती हकीकत बाबा रामायणातल्या प्रसंगासारखी रंगवून सांगत. नोंद लिहायची ती अशा माणसांनी, एवढं माझ्या मनात पक्कं बसलं होतं.

नोकरीसाठी बंगळूरला आले आणि मल्लेश्वरममध्ये घर घेतलं. चालत जाण्याच्या अंतरावर काडु मल्लेश्वराचं देऊळ. काडु म्हणजे रान. मोठमोठ्या झाडांखालचं ते देऊळ व्यंकोजीराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाने बांधलं, असं पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगितलं आणि परक्या शहरात एकदम माहेरचं कोणी भेटावं तसं झालं.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला. मी तिथे पोचले ती बऱ्याच वर्षांनी, एका रात्री, काहीतरी शोधताना. तिथले शब्द बघून थबकलेच. सरावाच्या पानाला धूळपाटी. सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागेला चावडी. आपोआप कामं उरकणाऱ्या प्रोग्रॅमला सांगकाम्या. ज्यांनी हे शब्द योजले, त्यांचे मी आजही आभार मानते. त्या शब्दांमुळेच मला आत पाऊल टाकावंसं वाटलं. अक्षरं गिरवायला धूळपाटी असते, तिथे चुकलं तर पुसता येतं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माझं पहिलं वाक्य अर्थातच देवळाचं होतं: हे मंदिर व्यंकोजी भोसले यांनी बांधले. दुसऱ्या दिवशी वाक्याच्या शेवटी दोन शब्द लागले होते: संदर्भ हवा.

कोणा अनोळखी संपादकाने बाबांचाच प्रश्न विचारला होता.

उत्तर शोधायला कन्नड लागणार होतं आणि मला भाजी घेण्यापुरतंच येत होतं. आमच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षक राहत. सगळे त्यांना मेष्ट्रु म्हणतात, मीही म्हणू लागले. त्यांनी १६६९च्या शिलालेखाची माहिती काढून मला ओळीओळीने समजावली. मल्लपुरच्या मल्लिकार्जुन देवाला एकोजींनी एक गाव दान दिलं. एकोजी म्हणजे व्यंकोजी, मल्लपुर म्हणजे आजचं मल्लेश्वरम. "पण अम्मा," मेष्ट्रु म्हणाले, "दान दिलं असं आहे. बांधलं असं नाही." देवळाला दान मिळतं ते देऊळ आधीपासून असू शकतं. मी माझं वाक्य खोडलं आणि शिलालेखात आहे तेवढंच लिहिलं. त्या रात्री वाईट वाटलं, हे कबूल करते. मायेने धरलेली गोष्ट हातून सुटली होती. पण नवं वाक्य कोणीही हलवू शकणार नव्हतं, त्याच्याखाली दगड होता.

मग नादच लागला. राजाला रानात म्हातारीने उकडलेल्या शेंगांचे दाणे दिले, त्यावरून बेंदकाळूरु आणि त्याचं बंगळूर, ही वीर बल्लाळाची गोष्ट मी पाहुण्यांना किती हौसेने सांगायचे! पण बेगूरच्या नागेश्वर देवळात सुमारे इ.स. ८९०चा वीरगळ आहे आणि त्यात बेंगळूरुच्या लढाईचा उल्लेख आहे. दुसऱ्या वीर बल्लाळाच्या जवळपास तीनशे वर्षं आधी हे नाव होतंच. लेखात दोन्ही हवं: गोष्ट गोष्ट म्हणून, दगड दगड म्हणून.

शहाजीराजांकडे बंगळूर १६३८नंतर जहागीर म्हणून आलं. १६८७मध्ये मोगलांनी ते घेतलं आणि पुढे तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला दिलं. जवळपास पन्नास वर्षांचा हा काळ. कवी जयराम पिंड्ये शहाजीराजांच्या इथल्याच दरबारात होता. त्याचं 'राधामाधवविलासचंपू' इतिहासकार राजवाड्यांनी १९२२ साली छापलं. आणि तरी महाराष्ट्रातून येणारा माणूस लालबाग बघून परत जातो. मला याचं मनापासून दुःख होतं. चन्नगिरीजवळ होदिगेरेला शहाजीराजांची समाधी आहे. तिथे मी फोटो काढायला गेले आणि ते कोणालाही वापरता येतील असे खुले ठेवले. एखाद्या शाळकरी पोराच्या वहीत त्यातला एक चिकटला तरी माझा प्रवास वसूल झाला.

देवळाच्या लेखाचा दुवा बाबांना पाठवला होता. नजर अधू झालेली, तरी अक्षरं मोठी करून त्यांनी सगळं वाचलं, तळटीपांसकट. फोन आला. शाबासकी नाहीच. "दान दिलं, हे पटलं. मग बांधलं कोणी?"

ते मला अजून सापडलेलं नाही. तुमच्या घरी जुना कागद असेल, कन्नड वाचणारं कोणी असेल, एखाद्या ग्रंथालयाच्या मागच्या कपाटापर्यंत तुमचा हात पोचत असेल, तर लेख उघडा आणि 'संपादन' दाबा. फक्त वाक्याच्या शेवटी कशावरून, ते लिहा.