कुलूप दाराला की कपाटाला?

माहितीची सुरक्षा म्हटले की आपल्याला बँका आणि मोठ्या कंपन्या आठवतात. मी एका छोट्या संस्थेचे संगणकाचे काम बघतो. तलाक, पोटगी, घरातली मारहाण अशी गाऱ्हाणी घेऊन बायका तिथे येतात. त्यांची नावे, राहण्याचे पत्ते, फोन नंबर, मुलांच्या शाळा, सगळे एका डेटाबेसमध्ये आहे. नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या बाईचा पत्ता बाहेर फुटला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

"विंडोजचे बिटलॉकर चालू आहे ना, मग आणखी खर्च कशाला?" संस्थेतल्या एका ज्येष्ठांनी विचारले. प्रश्न रास्त होता. बिटलॉकर काय, लिनक्सचे लक्स काय, अख्ख्या डिस्कला कुलूप लावतात. बंद संगणक चोरीला गेला किंवा जुनी डिस्क भंगारात गेली, तरी हाती काही लागत नाही. पण सकाळी मशीन सुरू झाले की दार उघडले. मग कोणी बॅकअपची फाइल साध्या पेनड्राइव्हवर नेली, तर ती कुठेही उघडून वाचता येते.

इथे डेटाबेसचे स्वतःचे एन्क्रिप्शन कामाला येते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते २००८ पासून आहे. त्यात मूळ फाइलही कुलूपबंद आणि तिचा बॅकअपही. पूर्वी ते महागड्या एंटरप्राइज आवृत्तीतच मिळे. २०१९ च्या आवृत्तीपासून स्टँडर्डमध्येही मिळू लागले. पण त्याचे सर्टिफिकेट आणि किल्ली वेगळी जपावी लागते. ती हरवली आणि सर्व्हरही बिघडला, तर आपलाच बॅकअप आपल्याला उघडत नाही.

आणि ज्याच्याकडे लॉगिन आहे, त्याला ही दोन्ही कुलपे अडवत नाहीत. त्याच्यासमोर माहिती उघडीच येते. आमच्या कामात धोका बहुधा चोराचा नसतो. "जरा तिचा पत्ता बघून सांग," म्हणणाऱ्या नातेवाइकाचा असतो.

म्हणून दोन्ही कुलपे ठेवली. शिवाय पत्ता आणि फोनचे रकाने वेगळे एन्क्रिप्ट केले. त्यांची किल्ली फक्त दोन जबाबदार बायकांकडे आहे. सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड होता, तो बंद केला. थोडी कुरकुर झाली. पण त्या बायकांनी आपला पत्ता आपल्याकडे अमानत ठेवला आहे. तुमच्या जमातीत, ट्रस्टमध्ये, मदरशात अशा याद्या असतील, तर एवढे जरूर विचारा: त्या उघडू शकणारे किती जण आहेत?