तीन अक्षरं

आजीची पोत गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. धुळ्याहून चाळीसगावची पॅसेंजर, छप्पन किलोमीटरचा प्रवास, लग्नसराईची गर्दी. शिरूड गेलं, मोरदड तांडा गेला, राजमाने गेलं आणि जामदा यायच्या आत आजीचा हात गळ्याशी गेला. ती रडली नाही. सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं ओरडली, "भामटा मनी पोत लई ग्या व माय!" आणि चाळीसगाव येईपर्यंत त्या न दिसलेल्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली. डब्यातल्या बायका माना डोलवत होत्या. एकीने आपली पोत पदराखाली घेतली.

हा शब्द मला काही नवा नव्हता. डब्यातले भाजके शेंगदाणे पळवले की हीच आजी मला "भामट्या कुठला!" म्हणायची आणि वर गुळाचा खडा द्यायची. धुळ्यात आमच्या गल्लीत पत्त्यांचा डाव बसला की बावन्न पानांत निदान चार भामटे निघायचे. शिव्यांच्या उतरंडीत या शब्दाची जागा अगदी वरच्या मडक्यात. मोठ्यांसमोर उच्चारला तरी थोबाडीत बसत नाही, इतका सभ्य.

पुढे जळगावात एका दैनिकाच्या डेस्कवर लागलो आणि याच शब्दावर माझं पोट चालू लागलं. वाचणाऱ्याला वाटतं, चोर तो चोर. डेस्कवर तसं नसतं. रात्री कुलूप तोडतो तो चोरटा. अंगावर खोटी वर्दी किंवा खोटं नाव चढवतो तो तोतया. कोट्यवधींना बुडवतो तो ठकसेन. त्याला मानाचं चौथं अक्षर. आणि दिवसाढवळ्या, गोड बोलून, समोरच्याच्या हातूनच वस्तू काढून घेतो तो भामटा. जळगाव सोन्याचं गाव, त्यामुळे याच्या बातम्यांना तोटा नाही. यावल-एरंडोलकडून एसटीने आलेली म्हातारी सराफ बाजाराकडे निघालेली असते. दोघे मोटारसायकलवर येतात. "आजी, पुढे दंगल चालू आहे, दागिने काढून पिशवीत ठेवा." कागदात पुडी बांधून देतात. घरी जाऊन पुडी सोडली की आत खडे. दुसरा प्रकार दुपारचा: भांडी चकचकीत करून दाखवायची, मग पाटल्या पॉलिशला मागायच्या. बातमी तीच, गाव बदलायचं आणि मथळा ठरलेला. सिंगल कॉलमात तीन अक्षरं कशी चपखल बसतात ते पान लावणाऱ्यालाच कळतं.

कंटाळा आला की आम्ही नाटक-सिनेमाकडून नावं उसनी आणायचो. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' 1962 चं, पण लग्नाचं आमिष दाखवून फसवणारा प्रत्येक जण आजही 'लखोबा' असतो. अमिताभच्या 1979 च्या चित्रपटानंतर 'नटवरलाल' घरोघर पोचला. 2005 नंतर तर नवरा-बायकोने मिळून पतसंस्थेला गंडा घातला की 'बंटी-बबली' लिहायचं, विचारच करायचा नाही. पडद्यावर गेलेली शिवी धुतल्यासारखी होऊन परत येते. 1995 च्या 'रंगीला'नंतर 'टपोरी' पोरांना आवडायला लागला. ठगाने तर जगप्रदक्षिणा केली. मेडोज टेलरने 1839 मध्ये ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली, शब्द इंग्रजांच्या घरात गेला, तिथून अमेरिकेत, तिथल्या रॅप गाण्यांत, आणि आता माझा भाचा मू. जे. कॉलेजच्या कट्ट्यावर काळा चष्मा लावून 'ठग लाइफ'ची रील काढतो. त्याला म्हटलं, अरे हा आपलाच शब्द. म्हणाला, "काय सांगतो मामा!"

भामट्याला मात्र कुणी चष्मा घातला नाही.

आमच्या डेस्कवर पान लावणारा एक ऑपरेटर होता. वयाने माझ्याएवढाच, बोलायला कमी. एका रात्री डाक आवृत्ती सुटायच्या घाईत तो स्क्रीनवरून मान न वळवता म्हणाला, "भो, 'भामटा'च्या जागी 'चोरटा' चाललं का? अक्षरं तेवढीच आहेत." मी अर्थांतला फरक समजावून दिला. चांगली पाच मिनिटं. तो "बरं" म्हणाला आणि पान सोडलं. असं त्याने वर्षभरात तीन-चारदा विचारलं असेल. मला वाटायचं, याला शब्द टाइप करायचा कंटाळा.

मग त्याच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि जात पडताळणीची फाइल घेऊन तो माझ्याकडे आला. जुना मोडी कागद होता, मला थोडी मोडी येते म्हणून. मुलाच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात लिहिलं होतं: राजपूत भामटा.

ज्या शब्दाने मी दहा वर्षं मथळे केले तो जातीच्या यादीतला शब्द आहे, हे मला ठाऊकच नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. कुठेतरी वाचलं होतं. पण वाचलेलं निराळं आणि समोर खुर्चीत बसलेलं निराळं.

नंतर मी शोधत बसलो. 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला; जमातच्या जमात जन्माने गुन्हेगार. 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. नोंद झालेल्याने हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. 1908 मध्ये केनेडी नावाच्या पोलिस अधिकाऱ्याने इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वर पुस्तक काढलं. पाखरांच्या जाती सांगाव्यात तशा माणसांच्या: पेहराव, बोली, चोरीची तऱ्हा. त्यात भामट्यांची ख्याती रेल्वेतल्या चोऱ्यांची. वाचताना मला आजीचा डबा आठवला. तिने चोर पाहिलाच नव्हता. पाहिला नाही त्याला नाव कसं दिलं? नाव आधीच तयार होतं.

31 ऑगस्ट 1952 ला देशभर कायदा रद्द झाला. जमाती विमुक्त झाल्या. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावं आहेत. भामटा त्यातलं एक, राजपूत भामटा दुसरं. बंजाराही त्यातच. ज्या 'तांड्या'वरून आमची पॅसेंजर जायची तो त्यांचाच. नावं यादीत गेली, बातमीतून कोण काढणार? लक्ष्मण गायकवाडांनी तर शिवीच पुस्तकाच्या पाठीवर छापली. 'उचल्या' 1987 मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

ऑपरेटरच्या फाइलीची गंमत अशी (गंमत म्हणायची तर) की विमुक्त जातीला 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबाचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली जन्माची नोंद, शपथेवर वंशावळ. महिनाभर आम्ही दोघं पाचोरा-भडगावच्या बाजूला तहसील आणि झेडपीच्या शाळा फिरलो. जुन्या रजिस्टरांना वाळवी, पानं हातात तुटायची. दोन ठिकाणी त्याच्या आजोबाच्या नावापुढे नुसतं 'राजपूत' निघालं. मास्तरांनी दया दाखवली असेल, की आजोबानेच तसं सांगितलं असेल. हजेरीच्या काळात कोण शहाणा स्वतःहून तो शब्द लिहून घेईल? आणि आता नातू आपल्या पोरासाठी तोच शब्द शोधत होता. तिसऱ्या शाळेत चुलत आजोबाच्या नावापुढे शाईने स्वच्छ लिहिलेलं सापडलं. ऑपरेटरने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि केवढ्याने हसला. आजीने ज्या पिढ्या शिव्यांत मोजल्या होत्या, त्या आम्ही स्टँप पेपरवर मोजत होतो.

2023 मध्ये संभाजीनगरच्या राजपूत मेळाव्यात या नावातून 'भामटा' शब्द वगळण्याची घोषणा झाली. मी आनंदाने त्याला फोन केला. तो थंडपणे म्हणाला, "शब्द काढला का यादीत कोणी बी घुसंल भो." विमुक्तांच्या संघटनाही त्याच कारणाने विरोधात उभ्या राहिल्या. शिवी पुसली तर हक्क पातळ होतो, ठेवली तर मथळा तयार. हा पेच मी फुकटच्या कळवळ्याने सोडवायला निघालो होतो.

त्याच्या मुलाला वैधता प्रमाणपत्र मिळालं त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. डेस्कवर पेढे वाटले त्याने. रात्री साडेदहाला शहरातली बातमी आली: नव्या बसस्टँडजवळ दोघांनी वृद्धेला बोलण्यात गुंतवून पोत पळवली. मी मथळा दिला, 'चोरट्यांनी पोत लांबविली'. त्याने खुर्ची वळवली.

"चोरटे कसे? हे तर बोलून फसवणारे. तुम्हीच सांगितलं होतं फरक."

"मग काय लिहू?"

त्याने थोडा वेळ स्क्रीनकडे पाहिलं. मग स्वतःच टाइप केलं: 'वृद्धेची पोत लांबविली, दोघे फरार'. दोन ओळींत बसलं. अक्षरं मोजायची राहून गेली.