मानवतचा पिंपळ

आम्ही तिघी बहिणी. तिघींची सासरे वेगवेगळी, पण तिघीही नाशकातच नांदलो. (नशिबाने नाशकातच नांदलो, असे लिहिणार होतो. पण नशीब हा शब्द आपल्यात बसत नाही, म्हणून खोडला.) एक नाशिकरोडला, एक सातपूरला, एक सिडकोत. रविवारी विहारात भेट होते. वंदना झाली की थोरलीच्या घरी चहा होतो आणि मग बोलणे माहेराकडे वळते. माहेर परभणी जिल्ह्यातले. मानवतपासून बैलगाडीच्या वाटेवर आमचे खेडे होते.

२०२४ च्या ऑक्टोबरात ‘मानवत मर्डर्स’ नावाची मालिका मोबाइलवर आली. आशुतोष गोवारीकर, सोनाली कुलकर्णी, मकरंद अनासपुरे अशी मोठमोठी मंडळी तिच्यात आहेत. थोरलीच्या नातीने ती दोन रात्रींत बघून काढली आणि रविवारी आम्हाला विचारले, "आजी, तुमचं गाव मानवतकडचंच ना? हे सगळं खरं आहे?"

आम्ही एकमेकींकडे पाहिले. पन्नास वर्षांत आम्ही ही गोष्ट मुलांना कधी सांगितली नव्हती.

खरे आहे, पोरी. १९७२ साल होते. पाऊस नव्हताच. आमची माय आणि दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. रेशनवर परदेशची लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना मोडे आणि खाताना घशात अडके. कामावर सुकडी वाटत, तिच्यासाठी आम्ही रांगेत उभ्या राहत असू. थोरली तेव्हा अकरा वर्षांची, मधली नऊची, धाकटी पाचाची. पाणी, शेण, सरपण ही कामे आमच्याकडेच होती. गरिबाच्या घरात दहा वर्षांची पोर म्हणजे अर्धी बाईच.

आणि त्याच वर्षी मानवतमध्ये बायका-पोरी मरू लागल्या.

सुप्रीम कोर्टाच्या निकालात हा हिशेब मांडलेला आहे. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात दहा खून. पाच मुली दहा वर्षांच्या आसपासच्या, एक तान्ही पोर, आणि चार बायका पस्तिशीच्या आगेमागे. पहिला खून झाला तो दिवस बालदिनाचा होता. शेवटच्या दिवशी एक आई आणि तिच्या दोन लेकी एकदमच गेल्या. कोणी हिंदूंची होती, कोणी मुसलमानांची. जात-धर्म वेगळे, पण गरिबी सगळ्यांची सारखी.

आम्हाला तेव्हा निकाल माहीत नव्हता, आकडे माहीत नव्हते. आम्हाला फक्त मायचा आवाज आठवतो. "पोरीहो, तिघी मिळून जा, तिघी मिळून या. एकीनं मागं राहायचं न्हाई." विहिरीवर जाताना थोरली धाकटीचा हात इतका घट्ट धरायची की मनगटावर वळ उठत. आज धाकटी साठीला आली, पण रस्ता ओलांडताना तिचा हात आपसूक बहिणीकडे जातो. आम्ही हसतो तिला.

नातीने विचारले, "चौदा महिने? दहा खून होईपर्यंत पोलीस काय करत होते?"

पोलीस होते. तपासही चालू होता. पण एखाद्या मोठ्या घरची लेक गेली असती तर इतके दिवस लागले असते का, हा प्रश्न आमच्या मायला तेव्हाच पडला होता. दुष्काळात घरेच्या घरे उठून जात होती. कोण कामावर गेले, कोण शहराला गेले, कोण मेले, याची विचारपूस करायला कोणाला वेळ होता? शेवटी मुंबईहून गुन्हे शाखेचे बडे अधिकारी रमाकांत कुलकर्णी आले, तेव्हा धागे जुळू लागले.

आणि जे बाहेर आले ते ऐकून सारा महाराष्ट्र हादरला. सरकारी पक्षाचे म्हणणे असे की, हे खून गुप्तधनासाठी आणि एका बाईला मूल व्हावे म्हणून झाले. वाड्यातल्या पिंपळावर मुंजा आहे, त्याच्या खाली धन आहे, मुंजाला कुमारिकेचे रक्त दिले की धन मिळेल आणि कूसही उजवेल. अशा बोलण्यावर माणसांनी विश्वास ठेवला आणि कोयते-कुऱ्हाडी हातात घेतल्या.

पुढे खटला चालला. आरोपींमध्ये गावचे नगराध्यक्ष राहिलेले एक बडे गृहस्थ होते आणि त्यांच्यासोबत राहणारी पारधी समाजातली एक स्त्री होती. परभणीच्या सेशन कोर्टाने दोघांना दोषी धरले. हायकोर्टाने दोघांना सोडले. १९ एप्रिल १९७७ रोजी सुप्रीम कोर्टाने ती सुटका कायम ठेवली. ज्यांच्या हातून खून झाले असे कोर्टाला पटले, त्यांच्या शिक्षा मात्र कायम राहिल्या.

नात म्हणाली, "म्हणजे मोठा सुटला आणि चाकर अडकले."

गावातही सगळे हेच म्हणायचे. पण आम्ही तिला म्हटले, थांब, इतक्या झटकन बोलू नको. कटाची सारी गोष्ट माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून आली होती. माफीचा साक्षीदार म्हणजे स्वतः गुन्ह्यात असलेला, पण सरकारने माफी देऊन साक्षीला उभा केलेला माणूस. स्वतःची मान सोडवायला तो दुसऱ्याची मान अडकवू शकतो. म्हणून त्याच्या शब्दाला बाहेरचा, स्वतंत्र आधार लागतो, आणि तोही प्रत्येक आरोपीपुरता वेगळा. या दोघांच्या बाबतीत तसा आधार कोर्टाला मिळाला नाही. हा नियम चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपली, पारध्यांची, गोरगरिबांची किती पोरे नुसत्या कोणाच्या सांगण्यावरून आत जातात, ते आपल्याला माहीत आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो शिक्का १९५२ साली कायद्यातून पुसला, लोकांच्या मनातून पुसला नाही. मानवतच्या वेळी आमच्या खेड्यातसुद्धा लोक ‘पारधीण’ असे म्हणून थुंकत. आम्हीही पोरवयात थुंकलो असू. कोर्टाने सोडलेल्या माणसाला आम्ही दोषी म्हणणार नाही.

पण मग प्रश्न उरतोच. हातात कुऱ्हाड होती त्यांना शिक्षा झाली. मग त्यांना पाठवले कोणी? की कोणीच पाठवले नाही? त्या दहा जणींच्या आयांना याचे उत्तर कोणी दिले नाही. कागदावर हा खटला निकाली निघालेला आहे.

हे एकट्या मानवतचेच आहे असेही नाही. जादूटोण्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर झिजले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. कायद्यासाठी वर्षानुवर्षे ताटकळलेले सरकार काही दिवसांत वटहुकूम काढून मोकळे झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या कोर्टाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडले. यामागचा सूत्रधार तपासात पुढे आलाच नाही, असे कोर्टाने म्हटले. इथेही झाडणारे सापडले आणि सांगणारा राहिला.

आता आपल्या नाशिककडे येऊ. कायदा झाल्यावर वर्षही उलटले नव्हते. २०१४ च्या ऑक्टोबरात त्र्यंबक-घोटीकडच्या टाके हर्ष गावात म्हाताऱ्या बायकांना मारून टाकले. कोणा देवरुषी म्हणवणाऱ्या बाईच्या नादाने, आणि मारणाऱ्यांत त्यांचीच नात्यातली माणसे. नाशिकच्या कोर्टाने जन्मठेपेच्या शिक्षा दिल्या. आमच्या घरापासून ते गाव मोटारीने दोन तासांवरही नाही. आम्ही पेपरात वाचले, हळहळलो आणि भाजी निवडायला बसलो.

इथपर्यंत आम्ही नातीला बेधडक सांगत होतो. मग ती म्हणाली, "किती अडाणी लोक असतील ना, आजी! आपल्यात तरी असलं काही नव्हतं." भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, शेजारी बुद्धाचा. मधली उठून स्वयंपाकघरात गेली. ती का गेली ते आम्हाला ठाऊक होते.

आमचे कुटुंब १९७४ च्या उन्हाळ्यात नाशकाला आले. मानवत रोड स्टेशनावरून छोट्या गाडीने मनमाड आणि तिथून मोठ्या गाडीने नाशिकरोड. दादांना बिगारीचे काम मिळाले. आम्ही शाळेत गेलो. मानवत मागे राहिले असे आम्हाला वाटले.

मधलीचे लग्न झाले आणि पाच-सहा वर्षे मूल झाले नाही. साल १९८५ च्या आसपासचे. सासू बौद्ध, सासरे बौद्ध, घरात रोज त्रिसरण. आणि तरीही एका अमावस्येला तिला शहराबाहेर एका बुवाकडे नेले. आम्ही बाकीच्या दोघी तिच्याबरोबर होतो. कोणी जबरदस्ती केली नव्हती. आम्हीच म्हटले, बघायला काय जाते. बुवा पिंपळाखाली बसायचा. त्याने सांगितले, काळी कोंबडी लागेल. आम्ही घेऊन गेलो होतो. धाकटीने धरली, थोरलीने तोंड फिरवले, मधलीच्या कपाळाला रक्त लावले.

येताना एसटीत कोणी काही बोलले नाही. मानवतचा पिंपळ तिघींनाही आठवत होता. बुवाने कोंबडीवर भागवले, म्हणून आमचेही कोंबडीवर भागले. त्याने आणखी काही मागितले असते तर? आम्ही नक्कीच उठून आलो असतो, असे छातीवर हात ठेवून आजही म्हणता येत नाही. मूल नसलेल्या बाईला घरात, दारात, हळदीकुंकवाला (तेही तेव्हा आपल्यातल्या काही घरांत चालायचे) जे ऐकावे लागते, ते ऐकलेली बाई काय करील आणि काय नाही? मानवतच्या खटल्यात मूल हवे असलेल्या एका बाईची गोष्ट होती. आम्ही तिला राक्षसीण म्हणत मोठ्या झालो, आणि त्याच वाटेने चार पावले आम्हीही चालून आलो.

मधलीला पुढे दोन वर्षांनी मुलगा झाला. दवाखान्यात दोघांची तपासणी झाली. दोष नवऱ्यात होता, औषधाने बरा झाला. तोवर नवऱ्याला तपासायचे कोणाच्या डोक्यातही आले नव्हते. सासूने कोंबडीचेच उपकार मानले आणि आम्ही तिला दुरुस्त केले नाही.

मधली चहा घेऊन बाहेर आली तेव्हा थोरलीने नातीला हे सगळे सांगितले. मधली मधे बोलली नाही. शेवटी एवढेच म्हणाली, "कोंबडीचे पैसे पण मीच दिले होते."

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे विहारात सांगाल का?"

आमच्या त्रिरश्मी लेणीच्या पायथ्याशी २४ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाची फांदी लावली. त्या दिवशी आम्ही तिघी गर्दीत उभ्या होतो. तोही पिंपळच. त्याच्याखाली एका माणसाने डोके चालवले म्हणून आपण त्याला बोधिवृक्ष म्हणतो. मानवतच्या पिंपळाखाली आणि आमच्या त्या बुवाच्या पिंपळाखाली माणसांनी डोके गहाण ठेवले. त्यात झाडाचा काय दोष! बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या पाठ करायला नव्हे. आम्हाला त्या पाठ होत्या, त्या अमावस्येलाही पाठ होत्या.

वर्षावासात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन चालू असताना एका रविवारी आम्ही कोंबडीची गोष्ट विहारात सांगितली. थोरली बोलली, कारण मधलीचा आवाज निघेना. काही बाया खाली बघत होत्या. एका काकूंनी नंतर सुनावले की, असल्या गोष्टी चारचौघांत कशाला, समाजाची बदनामी होते. त्यांना आम्ही काही बोललो नाही. त्या आमच्याहून मोठ्या आहेत.

चपला घालत असताना एक नवीन सून आमच्या मागोमाग आली. लग्नाला चार वर्षे झाली म्हणाली. सासू दर गुरुवारी एकाकडे नेते. आता येत्या अमावस्येला त्याने रात्री एकटीलाच बोलावले आहे, बरोबर कोणी नको म्हणून सांगितले आहे. बोलताना ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती.

मधलीने तिचा हात धरला. मनगट धरायची आमच्या घराची जुनी सवय. "एकटीनं मागं राहायचं नाही," ती म्हणाली.

नात नर्सिंग शिकते. तिने दवाखान्यातली वेळ काढून दिली आहे. सोमवारी सकाळी आम्ही तिघी त्या मुलीबरोबर जाणार आहोत. जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलीस ठाण्यात दक्षता अधिकारी असतो, त्यालाही त्या माणसाचे नाव-गाव कळवायचे ठरवले आहे. ती मुलगी त्याला तयार नाही, घाबरते. तिच्या नवऱ्यालाही तपासणीला चल म्हणून निरोप पाठवला आहे. तो अजून हो म्हणालेला नाही.